ताप, रक्ताचा रिपोर्ट आणि प्रतिपिंडांची पाच कुळे

पावसाळा अर्ध्यावर आला की नागपुरातील दवाखान्यांची बाके भरू लागतात. मेयो आणि मेडिकलच्या बाह्यरुग्ण विभागांत रांगा लागतात. वस्तीतील डॉक्टरांकडे संध्याकाळी उभे राहावयास जागा नसते. ताप, अंगदुखी, डोळ्यांच्या मागे ठणका, अशी तक्रार ऐकून डॉक्टर रक्त तपासावयास सांगतात आणि दुसऱ्या दिवशी हातात एक कागद येतो. त्यावर लिहिलेले असते : डेंग्यू, आयजीएम निगेटिव्ह, आयजीजी पॉझिटिव्ह.

घरात लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘निगेटिव्ह आहे ना, मग डेंग्यू नाही, उगाच घाबरू नका.’ दुसरा म्हणतो, ‘पॉझिटिव्ह लिहिले आहे, आधी भरती करा.’ दोघांनीही कागदावरचा एकेक शब्द उचललेला असतो. आयजीएम आणि आयजीजी ही काय भानगड आहे, आणि रक्त तापाच्या कितव्या दिवशी काढले, हे मात्र कोणी विचारीत नाही. वस्तुतः त्या कागदाचा सारा अर्थ या दोन प्रश्नांतच दडलेला आहे. म्हणून आज आपण रक्तातील प्रतिपिंडांची, म्हणजे डॉक्टर ज्यांना अँटिबॉडी म्हणतात त्यांची, ओळख करून घेऊ.

प्रतिपिंड म्हणजे काय?

शरीरात रोगजंतू शिरला की त्याच्याशी लढण्याची अनेक साधने शरीराजवळ असतात. काही पांढऱ्या पेशी जंतूंना सरळ गिळून टाकतात. काही पेशी मात्र दुरूनच काम करतात. त्या एक विशिष्ट प्रथिन तयार करून रक्तात सोडतात आणि ते प्रथिन नेमके त्या जंतूला जाऊन चिकटते. हे प्रथिन म्हणजेच प्रतिपिंड. जंतूच्या अंगावरील ज्या भागाला ते चिकटते त्याला प्रतिजन म्हणतात. कुलूप आणि किल्लीप्रमाणे त्यांची जोडी ठरलेली असते. गोवराचे प्रतिपिंड कांजिण्यांच्या विषाणूला चिकटत नाही. म्हणूनच एकदा गोवर येऊन गेलेल्या मुलालाही कांजिण्या होऊ शकतात.

प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशींना बी पेशी म्हणतात. त्यांचा जन्म हाडांच्या आतील मगजात होतो. आपल्या जोडीचा प्रतिजन भेटला की अशी एखादी पेशी भराभर वाढते, तिच्या हजारो प्रती होतात आणि त्यांपैकी काही प्रती प्रतिपिंडांचे कारखाने बनतात. असा एक कारखाना सेकंदाला हजार-दोन हजार प्रतिपिंडे बाहेर टाकतो. हे सारे व्हावयास वेळ लागतो. शत्रूची ओळख पटणे, पेशींची वाढ होणे, उत्पादन सुरू होणे, यांत साधारणतः चार ते सात दिवस जातात. ताप आला त्याच दिवशी केलेली प्रतिपिंडांची तपासणी बहुधा कोरी येते ती याच कारणाने.

बेचकीसारखी रचना

प्रतिपिंडाचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा, म्हणजेच चिमण्या उडवावयाच्या बेचकीसारखा असतो. वर दोन फाटे आणि खाली एक मूठ. ही बेचकी प्रथिनांच्या चार साखळ्यांची बनलेली असते. दोन साखळ्या लांब असतात, त्यांना जड साखळ्या म्हणतात. दोन आखूड असतात, त्यांना हलक्या साखळ्या म्हणतात. गंधकाचे बंध या चारही साखळ्यांना एकत्र बांधून ठेवतात. फाटे आणि मूठ जिथे मिळतात तिथे बिजागरीसारखा लवचिक भाग असतो. त्यामुळे फाटे थोडे उघडमीट करू शकतात आणि जंतूवर नीट पकड बसवू शकतात. ही रचना उलगडून दाखविल्याबद्दल इंग्लंडचे रॉडनी पोर्टर आणि अमेरिकेचे जेराल्ड एडलमन यांना १९७२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

बेचकीच्या दोन भागांची कामे वेगवेगळी आहेत. फाट्यांची टोके जंतूला पकडतात. प्रत्येक जातीच्या प्रतिपिंडाची टोके निराळ्या घडणीची असतात. माणसाच्या शरीरात जनुके सुमारे वीस हजार. मग कोट्यवधी प्रकारची टोके येतात कोठून, हा प्रश्न शास्त्रज्ञांना बरीच वर्षे छळत होता. जपानी शास्त्रज्ञ सुसुमु टोनेगावा यांनी त्याचे उत्तर शोधले. बी पेशी आपल्या जनुकांचे छोटे तुकडे पत्त्यांसारखे पिसते आणि प्रत्येक पेशी त्यातून आपला वेगळा डाव मांडते. या शोधासाठी त्यांना १९८७ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

मूठ मात्र निवडक प्रकारांचीच असते. जंतूला पकडल्यावर पुढे काय करावयाचे, हे मूठ ठरविते. गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी या मुठीला धरूनच जंतूला आत ओढतात. प्रतिपिंड रक्तात राहावे, वारेतून गर्भाकडे जावे, की आतड्यात उतरावे, हेही मुठीवर अवलंबून असते. प्रतिपिंडांची पाच कुळे पडली आहेत ती या मुठींच्या घडणीवरून. त्यांची नावे जी, एम, ए, डी आणि ई. इम्युनोग्लोब्युलिन या शब्दाची आद्याक्षरे ‘आयजी’ प्रत्येकाच्या आधी लागतात, म्हणून आयजीजी, आयजीएम वगैरे.

पाच कुळांची ओळख

आयजीएम हा पहिला धावून येणारा. नव्या जंतूशी गाठ पडली की सर्वांत आधी याचे उत्पादन सुरू होते. पाच बेचक्या मुठींकडून एकत्र जोडाव्यात तसे याचे रूप असते. म्हणजे पकडीची दहा टोके झाली. एकेका टोकाची पकड सैल असली तरी दहा हातांनी ते जंतूला धरते. आकाराने थोर असल्यामुळे ते बहुतांशी रक्तातच राहते, वार ओलांडून गर्भाकडे जाऊ शकत नाही. त्याचे दिवस थोडे असतात. काही आठवड्यांत ते ओसरू लागते आणि बहुतेक रोगांत दोन-तीन महिन्यांत दिसेनासे होते.

आयजीजी हा मागाहून येणारा, पण दीर्घकाळ राहणारा. रक्तातील प्रतिपिंडांपैकी सुमारे तीन चतुर्थांश याच कुळातील असतात. याची पकड घट्ट असते. एकेक रेणू तीन आठवड्यांच्या आसपास टिकतो, आणि स्मृती जपणाऱ्या पेशी नवनवे रेणू तयार करीत राहतात, म्हणून रोग बरा झाल्यावरही ते वर्षानुवर्षे, कधी आयुष्यभर रक्तात सापडते. वार ओलांडून गर्भाकडे जाणारे कूळ हे एकच.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आयजीएम आणि आयजीजी यांची फळी वेगवेगळ्या पेशी उभारतात असे नाही. तीच बी पेशी आधी आयजीएम काढते आणि काही दिवसांनी मूठ बदलून आयजीजी काढू लागते. पकडीची टोके त्याच जंतूची असतात, मूठ मात्र नवी. रक्तात कोणती मूठ सापडते यावरून जंतूची गाठ नुकतीच पडली की पूर्वी कधी, याचा अंदाज येतो तो यामुळेच.

आयजीए हा उंबरठ्यावरचा पहारेकरी. लाळ, अश्रू, नाकातील व आतड्यातील स्राव आणि आईचे दूध यांत याचा भरणा असतो. दोन बेचक्या जोडून याचे रूप बनते. रक्तात ते फार दिसत नाही, पण एकूण उत्पादन मोजले तर शरीर रोज जेवढे आयजीए तयार करते तेवढे इतर सर्व कुळे मिळूनही करीत नाही. बाळंतपणानंतर येणारे पिवळसर घट्ट दूध, म्हणजे चीक, आयजीएने समृद्ध असतो. तो पिळून फेकण्याची चाल अजून काही घरांत आहे. ती सोडावी, कारण बाळाच्या आतड्याला मिळणारे ते पहिले संरक्षण आहे. पोलिओचे तोंडाने दिले जाणारे थेंबही आतड्यात आयजीए निर्माण करतात, म्हणून विषाणूचा तेथेच अटकाव होतो.

आयजीई हे रक्तात अत्यल्प असते. पोटातील जंतांशी झुंजणे हे त्याचे जुने काम. शरीरातील काही पेशींना ते मुठीने चिकटून बसते. मग गाजरगवताचे परागकण किंवा घरातील धूळ यांसारखी निरुपद्रवी वस्तू त्याच्या फाट्यांत अडकली, की त्या पेशींतून हिस्टामिन बाहेर पडते आणि शिंका, खाज, गांधी, दम्याची धाप असा प्रकार सुरू होतो. ॲलर्जीच्या तपासणीत हे मोजतात. परंतु जंत झाले असतील तरीही त्याचे प्रमाण वाढते, एवढे लक्षात ठेवावे.

आयजीडी हे बहुतांशी बी पेशींच्या पृष्ठभागावर असते व पेशीला जाग आणण्यास मदत करते. नेहमीच्या तापाच्या रिपोर्टमध्ये त्याचा संबंध येत नाही.

आता तो कागद पुन्हा वाचू

डेंग्यूच्या पहिल्या लागणीत काय घडते ते पाहू. पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तात विषाणू व त्याचे एनएस-वन नावाचे प्रथिन असते. या काळात एनएस-वनची तपासणी उपयोगी पडते. साधारण चौथ्या-पाचव्या दिवसापासून आयजीएम दिसू लागते आणि दोन-तीन महिने राहते. आठवडा उलटल्यावर आयजीजी हळूहळू चढते व पुढे वर्षानुवर्षे टिकते.

यावरून दुसऱ्या दिवशी आलेल्या ‘आयजीएम निगेटिव्ह’ या शब्दांत धीर मानण्यासारखे काही नाही, हे कळून येईल. त्या दिवशी ते निगेटिव्ह असावयाचेच. तोच रिपोर्ट सातव्या दिवशी निगेटिव्ह आला तर त्याला अधिक अर्थ आहे. उलट, महिन्याभरापूर्वी डेंग्यू होऊन गेलेल्या माणसाला आज साध्या सर्दीचा ताप आला तरी त्याचे आयजीएम पॉझिटिव्ह येऊ शकते.

आता ‘आयजीएम निगेटिव्ह, आयजीजी पॉझिटिव्ह’ हा आपला कागद. याचे दोन अर्थ होतात. एक, रुग्णाला पूर्वी कधीतरी डेंग्यू झाला होता आणि आजचा ताप दुसऱ्याच कारणाने आहे. दुसरा, रुग्णाला डेंग्यूच झाला आहे, पण तो दुसऱ्या खेपेचा. दुसऱ्या लागणीत शरीरातील जुन्या स्मृतिपेशी तत्काळ जाग्या होतात. आयजीजी दोन-चार दिवसांतच उसळी घेते आणि आयजीएम कमी राहते, कधी तर सापडतही नाही. एनएस-वनसुद्धा दुसऱ्या लागणीत लवकर दिसेनासे होऊ शकते. म्हणजे घरातील दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात थोडे थोडे तथ्य होते, पण निर्णय त्या एका कागदावर होणे शक्यच नव्हते. तापाचा दिवस, रुग्णाची प्रत्यक्ष तपासणी, प्लेटलेट व रक्ताचा घट्टपणा दाखविणारी चाचणी आणि गरज पडल्यास काही दिवसांनी पुन्हा केलेली तपासणी, हे सर्व एकत्र ठेवून डॉक्टर ठरवितात.

थोड्याच वेळात उत्तर देणारी पट्टीची तपासणी सोयीची असली तरी तिच्यात चुका अधिक होतात. शासनाच्या डेंग्यू नियंत्रण कार्यक्रमात निदान पक्के मानण्यासाठी एलायझा पद्धतीची तपासणी ग्राह्य धरतात. डेंग्यू व चिकुनगुन्याच्या आयजीएम एलायझाचे संच पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था बनविते आणि ते देशभरातील निवडलेल्या शासकीय प्रयोगशाळांना पुरविले जातात. १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेल्या या संस्थेला १९७८ मध्ये आजचे नाव मिळाले. कोरोनाच्या साथीत, २०२० साली, याच संस्थेने आयजीजी शोधणारी ‘कोविड कवच’ ही देशी एलायझा तपासणी तयार केली. ती होती पूर्वी लागण होऊन गेली का, हे पाहण्यासाठी. चालू आजार ओळखण्यासाठी घशातील स्रावाचीच तपासणी करावी लागे. कारण तेच, आयजीजी मागाहून येते.

दुसऱ्यांदा होणारा डेंग्यू

डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराची लागण झाली की त्या प्रकारापुरते संरक्षण दीर्घकाळ मिळते. इतर तीन प्रकारांविरुद्ध मिळणारे संरक्षण काही महिनेच टिकते. त्यानंतर दुसऱ्या प्रकाराचा विषाणू आला तर जुनी प्रतिपिंडे त्याला चिकटतात खरी, पण पकड अपुरी पडते, विषाणू निकामी होत नाही. प्रतिपिंडाची मूठ मात्र आपले काम करते. पांढरी पेशी ती मूठ धरून विषाणूला आत ओढते, आणि जिवंत विषाणूला वाढावयास आयतेच घर मिळते. चोराला पकडून आणलेल्या शिपायानेच त्याला कोठाराची वाट दाखवावी, तसा हा प्रकार. दुसऱ्या खेपेचा डेंग्यू पहिल्यापेक्षा गंभीर होण्याची शक्यता अधिक असते, तिचे एक महत्त्वाचे कारण हे मानले जाते.

नागपुरात २०२१ च्या पावसाळ्यात डेंग्यूचा मोठा जोर होता. त्या वर्षी किंवा आगेमागे ज्यांना डेंग्यू होऊन गेला त्यांनी ‘एकदा झाला, आता काय होणार’ असे समजू नये. त्यांनी ताप आल्यास डॉक्टरांना पूर्वीच्या डेंग्यूची माहिती अवश्य द्यावी. जुना रिपोर्ट जपून ठेवलेला असेल तर फारच चांगले.

एक सूचना येथेच करतो. डेंग्यूमध्ये धोका ताप उतरताना वाढतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसांत. पोटात जोरात दुखणे, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणे, मूल सुस्त होणे किंवा चिडचिडे होणे, लघवी कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर रिपोर्टची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तापाला पॅरासिटामॉल चालते. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

‘टायफॉइड निघाला’

आपल्याकडे तापाच्या दुसऱ्याच दिवशी ‘टायफॉइड निघाला’ असे सर्रास ऐकू येते. विचारले तर विडाल तपासणी पॉझिटिव्ह आलेली असते. ही तपासणी फ्रान्सच्या फेर्नां विडाल यांच्या नावाने ओळखली जाते व ती १८९६ पासूनची आहे. तिच्यात रुग्णाचा रक्तरस टायफॉइडच्या मेलेल्या जंतूंत मिसळतात. रक्तरसात प्रतिपिंडे असतील तर जंतूंच्या गुठळ्या होतात. ती प्रतिपिंडे कोणत्या कुळाची, आजची की जुनी, हे ती सांगत नाही. पूर्वी होऊन गेलेला टायफॉइड, टायफॉइडची लस, एवढेच नव्हे तर मलेरियासारखे दुसरे ताप यांनीही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. खऱ्या टायफॉइडमध्येही पहिल्या आठवड्यात ती निगेटिव्ह असू शकते.

म्हणून शक्य असेल तर प्रतिजैविक औषध सुरू करण्यापूर्वी रक्ताचे कल्चर करणे चांगले. त्यात प्रत्यक्ष जंतू वाढवून पाहतात, आणि कोणते औषध त्याला लागू पडेल हेही कळते. विडालच्या एका आकड्यावर वर्षातून तीनदा टायफॉइडची औषधे घेणारी माणसे आपल्याकडे आहेत. त्यांना तीनदा टायफॉइड झालेला असतोच असे नव्हे.

रिपोर्टची वाट पाहू नये असा ताप

याच्या उलट उदाहरण स्क्रब टायफसचे. गवतात, झुडपांत राहणाऱ्या बारीक किटकुलांच्या अळ्या चावल्याने हा रोग होतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर विभागात त्याचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि काही दगावले. शेतात काम करणाऱ्यांना याचा धोका अधिक असतो. याचेही आयजीएम पहिल्या आठवड्याच्या शेवटी दिसू लागते. रोग गंभीर वळण घेतो तोही त्याच सुमारास. त्यामुळे शेतात, गवतात वावर, चढता ताप आणि काखेत, जांघेत किंवा कमरेजवळ सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली असे चित्र दिसले, की डॉक्टर रिपोर्टसाठी थांबत नाहीत. डॉक्सिसायक्लिन हे साधे औषध वेळेवर सुरू झाले तर रुग्ण झपाट्याने सुधारतो. अंगावर अशी खपली दिसली तर ती डॉक्टरांना दाखवावयास संकोच करू नये.

सेवाग्रामचा अनुभव

विदर्भातील आणखी एक जुना रोग म्हणजे हत्तीपाय. त्याचे बारीक कृमी रक्तात रात्रीच उतरतात. त्यामुळे वर्षानुवर्षे आरोग्य कर्मचाऱ्यांना रात्री घरोघर जाऊन लोकांना उठवून रक्त घ्यावे लागे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी या कृमीची प्रतिजने वेगळी काढून, रक्तातील प्रतिपिंडे व प्रतिजने ओळखण्याच्या तपासण्यांवर दीर्घकाळ संशोधन केले. या कामात प्रतिपिंडांची एक मर्यादाही समोर येते. ज्या भागात डास आणि कृमी पिढ्यान्‌पिढ्या आहेत तेथे धडधाकट माणसांच्या रक्तातही प्रतिपिंडे सापडतात. म्हणून आज शरीरात कृमी आहे का, हे जाणण्यासाठी कृमीचे प्रतिजन शोधणारी तपासणी अधिक उपयोगी ठरते. प्रतिपिंड हा शत्रू येऊन गेल्याचा पुरावा आहे. शत्रू अजून घरात आहे का, याचे उत्तर त्यावरून दर वेळी मिळेलच असे नाही.

आईची आणि उसनी प्रतिपिंडे

आयजीजी वार ओलांडते, याचा फायदा बाळाला जन्मापासून मिळतो. गरोदरपणी धनुर्वाताची लस देतात ती यासाठीच. आईचे आयजीजी बाळाला पहिले काही महिने सांभाळते. हीच आईची शिदोरी गोवराच्या लसीला मात्र आड येते, म्हणून ती लस आपल्याकडे नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात.

कधी मात्र हे आयजीजी बाळाला बाधते. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह व बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणात बाळाचे थोडे रक्त आईत मिसळते आणि तिच्यात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. ती आयजीजी कुळाची असल्याने पुढच्या खेपेस वार ओलांडून बाळाच्या तांबड्या पेशी फोडू शकतात. यासाठी गरोदरपणी सातव्या महिन्याच्या सुमारास आणि बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डीचे इंजेक्शन देतात. गर्भपात झाला तरीही ते लागते. निगेटिव्ह रक्तगटाच्या स्त्रीने हे विसरू नये.

शरीराला प्रतिपिंडे तयार करावयास सवड नसेल तर ती तयार स्वरूपात द्यावी लागतात. जर्मनीत बेरिंग आणि किटासाटो यांनी १८९० मध्ये हा मार्ग दाखविला. सर्पदंशावरील औषध हे त्याचे उदाहरण. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या औषधाशी कित्येक वर्षे जोडलेले आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांचे विष अगदी थोड्या मात्रेत घोड्याला टोचून त्याच्या रक्तातील प्रतिपिंडे मिळवितात. मग पेप्सिन या पाचक रसाने बेचकीची मूठ छाटून केवळ फाट्यांची जोडी ठेवतात. विषाला पकडण्याचे काम फाटेच करतात, आणि परक्या मुठीमुळे होणारा त्रास कमी होतो. हे औषध सापाने चावल्यावर जितके लवकर मिळेल तितके बरे. मंत्र-तंत्रात गेलेला तास परत येत नाही.

कुत्रा चावल्यावरही हेच तत्त्व. रेबीजच्या लसीने शरीर आपली प्रतिपिंडे बनविते, पण त्याला आठवडा-दीड आठवडा लागतो. जखम रक्त येण्याइतकी असेल तर तेवढ्या काळासाठी तयार प्रतिपिंडे जखमेतच भरावी लागतात. ती पहिल्याच दिवशी, फार तर पहिल्या लसीपासून सात दिवसांच्या आत द्यावयाची असतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने यासाठी प्रयोगशाळेत पेशींकडून बनविलेली एकाच घडणीची आयजीजी प्रतिपिंडेही उपलब्ध केली आहेत. त्याआधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुणे हे घरच्या घरी करावयाचे काम. केवळ लस घेऊन जखमेतील इंजेक्शन टाळणे जिवावर बेतू शकते, कारण रेबीज झाल्यावर उपाय उरत नाही.

रिपोर्ट हाती आल्यावर

वाचकांनी इतके जरी लक्षात ठेवले तरी पुरे :

१. ताप कोणत्या तारखेला सुरू झाला ते घरातील कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि रक्त देताना व डॉक्टरांना दाखविताना ते सांगा.

२. आयजीएम म्हणजे बहुधा नवी लागण. पण पहिल्या चार दिवसांतील निगेटिव्ह आयजीएमवर विसंबू नका.

३. एकटे आयजीजी म्हणजे बहुधा जुनी लागण. डेंग्यूत मात्र ती दुसऱ्या खेपेची खूणही असू शकते.

४. तपासणी पट्टीची की एलायझाची, हे विचारा. संशय राहिल्यास काही दिवसांनी पुन्हा तपासणी करावी लागते. त्यात पहिली लॅब चुकली असे होत नाही.

५. जुने रिपोर्ट, लसींची व रक्तगटाची नोंद एका फाइलमध्ये ठेवा.

६. रिपोर्ट पाहून स्वतःच औषधे सुरू करू नका. इलाज रुग्णाचा करावयाचा असतो, कागदाचा नव्हे.

आणि शेवटी, डेंग्यू-चिकुनगुन्याचा डास आपल्याच घरात वाढतो. २०२४ मध्ये नागपूरने चिकुनगुन्याची मोठी साथ पाहिली. कित्येकांचे सांधे त्यानंतर महिनोन्‌महिने दुखत होते. उन्हाळा संपला की आपण कूलर बंद करतो, पण टाकीतील पाणी तसेच राहते. आठवड्यातून एक दिवस ठरवून कूलरची टाकी, कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरील भंगार, पाण्याचे माठ व पिंप रिकामे करून घासून कोरडे करा. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही, घासावे लागते. प्रतिपिंडे उत्तम काम करतात यात शंका नाही. पण ती तयार होण्याची पाळीच येऊ नये, हे त्याहून उत्तम.